दर सोमवारी प्रिंटर ‘ऑफलाइन’ : वाय-फायची सुरक्षा न उतरवता हा त्रास कसा थांबवायचा

मुंबईत फोर्टमधल्या एका जुन्या दगडी इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, तिघांनी मिळून एक ऑफिस घेतलंय. आतल्या केबिनमध्ये वकीलसाहेब, मधल्या जागेत प्राप्तिकर आणि जीएसटीचं काम बघणाऱ्या मॅडम, आणि दाराजवळ टायपिंग-डीटीपीवाले काका. भाडं तिघांत, विजेचं बिल तिघांत आणि प्रिंटरही तिघांत एकच. ब्लॅक अँड व्हाइट लेझर, वाय-फायवाला. अशा छोट्या ऑफिसांची नेटवर्कं सांभाळणं हे माझं रोजचं काम. या ऑफिसातून मला जवळजवळ दर सोमवारी साडेदहाच्या सुमारास फोन यायचा, ‘प्रिंटर परत ऑफलाइन दाखवतोय.’

लक्षणं नेहमी तीच. काकांच्या डेस्कटॉपवरून प्रिंट सुटायची, कारण तो यूएसबी केबलने जोडलेला. मॅडमच्या लॅपटॉपवर प्रिंटरचं चिन्ह फिकट आणि खाली ‘ऑफलाइन’. वकीलसाहेबांच्या मोबाइलवर तर प्रिंटर यादीतच नाही. मग प्रिंटर बंद-चालू, राउटर बंद-चालू, प्रिंटर काढून टाका, पुन्हा अ‍ॅड करा. दुपारपर्यंत कसंबसं जमायचं, आठवडा निघायचा, आणि पुढच्या सोमवारी पहिल्यापासून सुरुवात. मॅडमच्या लॅपटॉपवर एकाच प्रिंटरची पाच चिन्हं साठली होती, ‘कॉपी १’, ‘कॉपी २’ अशी. जुलै अखेरीला, रिटर्न भरायची तारीख तोंडावर आलेली असताना, त्या पाचांतलं चालणारं कुठलं हे शोधण्यात त्यांची सकाळ जायची.

तुमच्याकडेही प्रिंटर असा ठरावीक दिवशी किंवा ठरावीक वेळी हरवत असेल तर आधी तो वार लक्षात घ्या. या ऑफिसात मी विचारलं, ‘शनिवारी जाताना काय काय बंद करता?’ काका म्हणाले, ‘मेन स्विचच खाली करतो. वायरिंग जुनं आहे, उगाच जोखीम नको.’ त्यांचं अगदी बरोबर होतं, आणि कारणही तिथेच होतं.

राउटर प्रत्येक उपकरणाला एक आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा घर नंबर, देतो आणि कुणाला कोणता दिला त्याची नोंद ठेवतो. हा पत्ता कायमचा नसतो, ठरावीक मुदतीचा असतो. या राउटरवर मुदत २४ तासांची होती. शनिवारी संध्याकाळी वीज बंद, रविवार गेला, सोमवारी राउटर उठतो तेव्हा साध्या राउटरची नोंदवही बहुतेक वेळा कोरी झालेली असते. मग जो आधी येईल त्याला पहिला मोकळा पत्ता. आठवडाभर प्रिंटरकडे असलेला पत्ता सोमवारी दुसऱ्याच कुणाकडे जातो, आणि लॅपटॉप मात्र प्रिंट जुन्याच पत्त्यावर पाठवत राहतो. त्या घरात आता प्रिंटर राहतच नाही.

हे आमच्या लक्षात यायला उशीर झाला, कारण एक खूण दिशाभूल करणारी निघाली. मॅडमच्या लॅपटॉपवर प्रिंटरचा पत्ता १९२.१६८.१.७ होता. मी त्या पत्त्याला पिंग केलं, म्हणजे ‘आहेस का?’ अशी हाक पाठवली, आणि लगेच उत्तर आलं, चारही वेळा. म्हणजे प्रिंटर नेटवर्कवर आहे, असंच कुणालाही वाटेल. पण तोच पत्ता ब्राउझरमध्ये टाकला तर प्रिंटरचं पान उघडेना. मग प्रिंटरच्या बटणांवरून नेटवर्क कॉन्फिगरेशनचा कागद छापून घेतला. त्यावर पत्ता होता १९२.१६८.१.११. मग ७ नंबरवरून उत्तर कोण देत होतं? ऑफिसातल्या शिकाऊ मुलाचा मोबाइल. तो सोमवारी सगळ्यात आधी यायचा, त्याचा फोन आपोआप वाय-फायला लागायचा आणि प्रिंटरचा जुना पत्ता घेऊन बसायचा.

म्हणून पिंगवर विसंबू नका. कॉन्फिगरेशनचा कागद छापा आणि तो हातात घेऊन बसा. बहुतेक वाय-फाय प्रिंटरमध्ये तशी सोय असते. पडदा असेल तर नेटवर्कच्या मेनूत, नसेल तर एखादं बटण काही सेकंद दाबून. त्या कागदावर चार गोष्टी बघायच्या : वाय-फायचं नाव, आयपी पत्ता, मॅक पत्ता (उपकरणाला कारखान्यातून मिळालेला ओळख क्रमांक) आणि सुरक्षेचा प्रकार. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर प्रिंटरला राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही. मग ड्रायव्हर पुन्हा टाकून काही उपयोग नाही, अडचण त्याच्या अलीकडे, वाय-फायच्या जोडणीत आहे.

पत्त्याचा उपाय सोपा आहे, फक्त तो राउटरमध्ये करायचा, प्रिंटरमध्ये नाही. राउटरच्या सेटिंगमध्ये ‘अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन’ किंवा ‘स्टॅटिक लीज’ अशा नावाचा पर्याय असतो. तिथे प्रिंटरचा मॅक पत्ता टाकून त्याच्यासाठी एक आयपी राखून ठेवायचा. आम्ही १९२.१६८.१.५० ठेवला. प्रिंटर ‘ऑटो’वरच राहू द्यावा. बरेच जण प्रिंटरच्या मेनूत जाऊन पत्ता हाताने पक्का करतात, पण राउटरला त्याची खबर नसते. उद्या तोच पत्ता तो एखाद्या मोबाइलला देऊन टाकतो आणि एका पत्त्यावर दोघे भांडत बसतात. तो बिघाड शोधणं याहून अवघड.

मग प्रत्येक विंडोज मशीनवर प्रिंटर प्रॉपर्टीजमध्ये जाऊन पोर्ट्स उघडा. तिथे ‘डब्ल्यूएसडी’ पोर्ट दिसत असेल तर तो सोडून नवा ‘स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट’ करा आणि राखून ठेवलेला पत्ता द्या. डब्ल्यूएसडीमध्ये विंडोज प्रिंटरला दर वेळी हाका मारून शोधतं. हाक पोचली नाही की ‘ऑफलाइन’. त्याच ठिकाणी ‘कॉन्फिगर पोर्ट’मध्ये ‘एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड’ अशी टिक असते. ती असली की विंडोज प्रिंटरला ‘कसा आहेस?’ असं विचारत राहतं. पत्ता बरोबर असूनही प्रिंटर ऑफलाइन दिसत असेल तर ती टिक काढून बघा. प्रिंटर झोपेत असताना त्या प्रश्नाला उत्तर देत नाही आणि विंडोज त्याला गैरहजर मांडतं. मॅडमच्या लॅपटॉपवरची पाचही चिन्हं काढली, एकच नव्याने टाकलं.

पण वकीलसाहेबांच्या मोबाइलचं कोडं तसंच राहिलं. त्याचं कारण वेगळं होतं, आणि मुंबईच्या जुन्या इमारतींत ते मला सारखं भेटतं. केबिनची भिंत जाड दगडी. बाहेरच्या फायबरच्या डब्याचा सिग्नल आत पोचेना, म्हणून त्यांनी लॅमिंग्टन रोडवरून दुसरा राउटर आणला आणि केबल ओढून केबिनमध्ये लावला. सिग्नल जोरदार झाला, पण एका ऑफिसात दोन नेटवर्कं झाली. बाहेर १९२.१६८.१ चे पत्ते, आत १९२.१६८.० चे. मोबाइल प्रिंटरला शोधतो ते त्याच नेटवर्कवर हाक देऊन, आणि ती हाक राउटर ओलांडून पलीकडे जात नाही. दोन्हीकडे इंटरनेट व्यवस्थित चालतं, त्यामुळे काही चुकलंय अशी शंकाही येत नाही.

यावर उपाय म्हणजे दुसऱ्या राउटरला ‘अ‍ॅक्सेस पॉइंट’ करायचं, म्हणजे त्याने पत्ते न वाटता फक्त वाय-फाय पसरवायचं. तसा पर्याय असेल तर तो निवडा. नसेल तर त्याला १९२.१६८.१.२ सारखा, बाहेरच्या राउटरच्या वाटपात नसलेला पत्ता द्या, त्याचं डीएचसीपी (पत्ते वाटण्याचं काम) बंद करा आणि बाहेरून आलेली केबल ‘वॅन’मधून काढून ‘लॅन’च्या भोकात घाला. वाय-फायचं नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे एकच ठेवा. हे केल्यावर वकीलसाहेबांच्या फोनवर प्रिंटर पहिल्याच फटक्यात दिसला.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सगळं लिहायला बसलो, ती. पत्ता बदलणं आणि दोन नेटवर्कं होणं, एवढेच दोन मूळ बिघाड होते. पण मी पोचण्याआधी काही महिने ओळखीच्या कुणीकुणी येऊन ‘दुरुस्ती’ केली होती, आणि दर वेळी सुरक्षेचं एक कुलूप काढलं होतं. प्रिंटर दिसत नाही ना, मग सुरक्षा आड येत असेल, ही समजूत फार पसरलेली आहे. एकाने राउटरची सुरक्षा डब्ल्यूपीए२ वरून जुन्या, कमजोर टीकेआयपी पद्धतीवर आणून ठेवली. दुसऱ्याने डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्ड न टाकता बटण किंवा पिनने जोडण्याची सोय, चालू केलं. तिसऱ्याने प्रिंटरचं वाय-फाय डायरेक्ट, म्हणजे राउटरशिवाय थेट प्रिंटरला जोडायची सोय, चालू केलं, आणि त्याचा पासवर्ड कंपनीतून आलेलाच राहिला : १२३४५६७८. यातल्या एकानेही सोमवार सुटला नाही. राउटर बंद-चालू केल्यावर योगायोगाने पत्ता जुळला की उपाय लागू पडला असं सगळ्यांना वाटायचं, आणि उघडं ठेवलेलं दार उघडंच राहायचं.

हे गंभीर आहे, कारण त्या प्रिंटरमधून काय जातं बघा. अशिलांची आधार कार्डं, पॅन, लिव्ह अँड लायसन्सचे करार, प्रतिज्ञापत्रं, लोकांच्या उत्पन्नाचे आकडे. फोर्टच्या गल्ल्यांत समोरच्या इमारतीची खिडकी हाताच्या अंतरावर वाटावी इतकी जवळ. काकांच्या टेबलावरून मोबाइल उघडला तर तीसेक वाय-फायची नावं दिसतात, म्हणजे तेवढ्याच लोकांना आपलं नाव दिसतं. त्यात ‘डायरेक्ट-’ने सुरू होणारं नाव म्हणजे कुणाचा तरी प्रिंटर, हे जाणकाराला लगेच कळतं. आत शिरल्यावर प्रिंटरचं पान ब्राउझरमध्ये उघडतं. अ‍ॅडमिन पासवर्ड कोरा असेल तर स्कॅन कुणाच्या ईमेलवर जातात ते दिसतं, आणि बदलताही येतं.

उघड्या वाय-फायची किंमत काय असते हे मुंबईने पाहिलंय. २६ जुलै २००८ ला अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना जो ईमेल गेला, तो नवी मुंबईत सानपाड्याच्या एका घरातल्या असुरक्षित वाय-फायवरून पाठवल्याचं तपासात निघालं. त्या घरातल्या माणसाचा कटाशी संबंध नव्हता, पण पोलीस पहिल्यांदा पोचले ते त्याच्याच दारात. पुढे २००९ मध्ये मुंबई पोलिसांनी उघडी वाय-फाय कनेक्शनं हुडकण्याची मोहीमच घेतली होती. ज्याच्या नावावर जोडणी, त्याच्याकडे आधी बोट जातं, हे वकीलसाहेबांना मला समजावून सांगावं लागलं नाही. त्यांनीच काकांना जवळ बसवून सांगितलं.

तर सुरक्षा नेमकी कशावर ठेवायची? वाय-फायची सगळ्यात जुनी सुरक्षा, डब्ल्यूईपी, १९९७ ची, आणि २००१ मध्येच तिची कमजोरी उघड झाली. आज ती काही मिनिटांत फुटते. डब्ल्यूपीए आणि टीकेआयपी २००३ ची तात्पुरती डागडुजी होती. डब्ल्यूपीए२ २००४ पासून आहे, आणि त्यातला ‘एईएस’ हा पर्याय आजही ऑफिसच्या प्रिंटरसाठी पुरेसा आहे, पासवर्ड लांब असेल तर. टीकेआयपी किंवा डब्ल्यूईपी ठेवलं की आणखी एक तोटा होतो : राउटर जुन्या वेगावर, ५४ एमबीपीएसवर उतरतो. या ऑफिसात नेट मंद झाल्याची तक्रार होती, तिचं मूळ हेच निघालं. सुरक्षा परत एईएसवर नेली आणि नेटही सुधारलं.

डब्ल्यूपीए३ २०१८ मध्ये आलं आणि ते अधिक चांगलं आहे, पण इथे प्रिंटरवाल्यांची खरी अडचण होते. नवा राउटर आणला, त्यावर ‘फक्त डब्ल्यूपीए३’ निवडलं, आणि पाच-सहा वर्षांचा प्रिंटर जोडलाच जाईना, असं घडतं. तिथेही खाली उतरून सुरक्षा बंद करायची गरज नाही. ‘डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३’ असा मिश्र पर्याय निवडा. ‘पीएमएफ’ (वाय-फायच्या नियंत्रण संदेशांचं संरक्षण) नावाचं सेटिंग दिसलं तर ते ‘आवश्यक’वर न ठेवता ‘ऐच्छिक’वर ठेवा. जुने प्रिंटर बहुतेक त्याच्यावरच अडतात.

डब्ल्यूपीएस मात्र बंदच करा. राउटरवरचं बटण दाबून प्रिंटर जोडता येतो, सोय छान आहे, पण त्याच्याबरोबर आठ आकडी पिनची पद्धत येते आणि ती २०११ मध्येच निकामी ठरली. आठवा आकडा पडताळणीचा असतो, आणि राउटर पहिले चार आकडे बरोबर आहेत का ते वेगळं सांगतो, उरलेले तीन वेगळे. त्यामुळे कोटींच्या घरातले प्रयत्न जास्तीत जास्त ११,००० वर येतात. प्रिंटर जोडताना दोन मिनिटांसाठी डब्ल्यूपीएस चालू करावं लागलं तर करा, जोडून झालं की बंद करा.

वाय-फाय डायरेक्टबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. त्यात प्रिंटर स्वतःच छोटा राउटर होतो आणि मोबाइल थेट त्याला लागतो. जिथे राउटरच नाही, उदाहरणार्थ कोर्टाबाहेर टेबल टाकून बसणाऱ्या टायपिस्टकडे, तिथे ही सोय खरोखर उपयोगाची आहे. पण राउटर असलेल्या ऑफिसात ती चालू ठेवण्याचं कारण मला तरी सापडलेलं नाही. मोबाइल एकदा ‘डायरेक्ट-’ला लागला की ऑफिसचं नेट सुटतं, माणूस वैतागतो, आणि राउटरवर तुम्ही कितीही चांगलं कुलूप लावा, हे दुसरं दार त्याच्या बाजूलाच असतं. नको असेल तर बंद करा. हवंच असेल तर पासवर्ड बदला आणि प्रत्येक जोडणी प्रिंटरवर बटण दाबूनच मंजूर व्हावी असा पर्याय असेल तर तो निवडा. जुन्या प्रिंटरच्या पुस्तिकेत राउटरशिवाय थेट जोडायची जुनी ‘अ‍ॅड-हॉक’ पद्धत दिलेली असते, तिच्या वाटेला जाऊ नका. विंडोज ८ पासून ती नेहमीच्या मेनूतून गेलीच आहे.

प्रिंटरच्या मागे लॅनचं भोक असेल आणि राउटर जवळ असेल तर सरळ केबल लावा. वाय-फायचे निम्मे प्रश्न तिथेच संपतात.

अजून काही अडचणी वारंवार दिसतात. बरेचसे स्वस्त प्रिंटर वाय-फायची फक्त २.४ गिगाहर्ट्झची पट्टी समजतात. राउटरवर फक्त ५ गिगाहर्ट्झ चालू असेल तर त्यांना नावच दिसत नाही. चॅनेल ‘ऑटो’वर असेल तर राउटर कधी १२ किंवा १३ निवडतो, आपल्याकडे ते चालतात, पण काही प्रिंटरांना ते दिसत नाहीत. म्हणून २.४ साठी १, ६ किंवा ११ यातलं कमी गर्दीचं एक हाताने ठरवा. ‘एपी आयसोलेशन’ चालू असेल तर नेट चालतं पण उपकरणं एकमेकांना दिसत नाहीत. गेस्ट नेटवर्कवर हे मुद्दामच केलेलं असतं, म्हणून प्रिंटर गेस्टवर जोडू नका.

वाय-फायचं नाव मराठीत ठेवायची हौस असेल तर एक लक्षात ठेवा. नावाला ३२ बाइटची मर्यादा आहे आणि देवनागरीतलं प्रत्येक अक्षर, काना आणि हलन्तसुद्धा, सहसा ३ बाइट घेतं. ‘कार्यालय’ एवढ्या एका शब्दालाच २४ लागतात. शिवाय जुन्या प्रिंटरच्या पडद्यावर ते नाव चौकोन किंवा कचरा अक्षरांत उमटतं. प्रिंटर असलेल्या नेटवर्कचं नाव रोमन अक्षरांत असलेलं बरं. पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा चालतो; मी किमान १६ चा ठेवतो.

काकांच्या डेस्कटॉपवरून यूएसबी प्रिंटर शेअर करून बाकीच्यांना द्यायचा, हाही मार्ग मध्ये कुणीतरी करून पाहिला होता. त्यात ‘११बी’ने संपणारा एरर आला. २०२१ च्या सप्टेंबरातल्या विंडोज अपडेटपासून शेअर केलेल्या प्रिंटरवर हा एरर येऊ लागला, कारण दोन मशीनमधल्या बोलण्याची पडताळणी अधिक कडक झाली. त्यावर रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगांत, एक आकडा शून्य करा असा सल्ला जागोजागी मिळतो. तो ऐकू नका, ती पडताळणीच बंद करणं आहे. दोन्ही मशीनचे अपडेट पूर्ण करा, किंवा शेअरिंग सोडून प्रत्येकाला थेट प्रिंटरच्या आयपीवर जोडा. काकांनी डेस्कटॉप बंद केला तरी बाकीच्यांचं काम अडत नाही, हा त्यातला मोठा फायदा.

घरून प्रिंट पाठवता यावी म्हणून राउटरवर ९१०० पोर्ट (प्रिंटर ज्या दारातून प्रिंट घेतो ते) बाहेर, इंटरनेटला, उघडायचा विचार कुणी सुचवला तर तोही नको. त्या पोर्टवर प्रिंटर सहसा काही विचारत नाही, जे येईल ते छापतो. २०१८ च्या नोव्हेंबरात असेच इंटरनेटला उघडे असलेले हजारो प्रिंटर शोधून एकाने त्यांच्यावर आपला मजकूर छापला होता.

शेवटी आम्ही अशिलांसाठी वेगळं गेस्ट नेटवर्क केलं, शिकाऊ मुलाचा मोबाइलही तिकडेच गेला. मुख्य पासवर्ड बदलला, प्रिंटरचा आणि राउटरचा अ‍ॅडमिन पासवर्ड बदलला, दोघांचं फर्मवेअर (उपकरणाच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट केलं. काकांनी कॉन्फिगरेशनचा कागद अर्धा दुमडून प्रिंटरच्या झाकणाच्या आत चिकटवला. त्यावर त्यांनी पेनाने राखून ठेवलेला पत्ता, मॅक पत्ता आणि तारीख लिहिली. पासवर्ड लिहायला मी दिला नाही. राउटर कधी बदलला तर नव्या राउटरमध्ये रिझर्व्हेशन टाकायला तेवढा कागद पुरतो. मेन स्विच ते शनिवारी अजूनही खाली करतात.